पट्टा खांद्यावर, ताप अंगात

जपानमध्ये नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस सुट्टीचे असतात. त्यातल्या २ आणि ३ तारखेला सकाळी आठपासून घरोघरी टीव्हीवर विद्यापीठातली पोरं रस्त्यावरून पळताना दिसतात. तोक्योतल्या ओतेमाची भागातून निघून पाच जण मिळून हाकोनेच्या डोंगरातलं आशी सरोवर गाठतात. दुसऱ्या दिवशी आणखी पाच जण तोच रस्ता उलटा पळून तोक्योला येतात. एकूण अंतर २१७.१ किलोमीटर. दहा टप्पे, दहा धावपटू, प्रत्येकाच्या वाट्याला वीस ते तेवीस किलोमीटर. वेग असा, की एक किलोमीटर साधारण तीन मिनिटांत मागे पडतो. या शर्यतीचं नाव हाकोने एकिडेन. एकिडेन म्हणजे लांब पल्ल्याची सांघिक रिले. तिच्यात हातात दांडी नसते. खांद्यावरून तिरका घातलेला विद्यापीठाच्या रंगाचा कापडी पट्टा, म्हणजे तासुकी, काढून पुढच्याच्या हाती द्यायचा असतो.

जिंकणाऱ्यांबद्दल जपानमध्ये पुस्तकांवर पुस्तकं निघाली आहेत. या प्रकरणात मात्र बरं नसताना पळालेल्यांचा विचार करायचा आहे. कुणी तापातून उठून आलेला, कुणी वाटेत पाणी कमी पडून झोकांड्या खाणारा, कुणी डोंगरावर गारठलेला, कुणी पायाचं हाड दुखत असूनही बोललेला नाही. दुखणं अंगावर काढणं म्हणजे काय आणि ते कितपत काढता येतं, हे पाहायला याहून चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही. इथे प्रत्येक पाऊल कॅमेऱ्यापुढे पडतं आणि प्रत्येक थांबण्याची किंमत सेकंदात मोजलेली असते.

एकट्याने मॅरेथॉन पळणाऱ्याला मधेच बरं वाटेनासं झालं, तर तो कडेला बसतो. नुकसान त्याचं एकट्याचं. पट्टा खांद्यावर असला की ते स्वातंत्र्य उरत नाही. हाकोनेत पहिल्या दहात येणाऱ्या संघांनाच पुढच्या वर्षी थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांना ऑक्टोबरमध्ये तोक्योतल्या ताचिकावाला पात्रता शर्यत पळावी लागते. तिथे बारा जण अर्धमॅरेथॉन पळतात आणि त्यांतल्या पहिल्या दहांच्या वेळांची बेरीज होते. २०२४ च्या पात्रता शर्यतीत शेवटची जागा जुन्तेन्दो विद्यापीठाला मिळाली आणि तोक्यो कृषी विद्यापीठ बाहेर राहिलं. दहा माणसांच्या बेरजेत फरक होता एका सेकंदाचा. असं गणित ज्याच्या डोक्यात आहे, तो सकाळी उठल्यावर घसा खवखवतोय म्हणून हात वर करेल का?

शिवाय घड्याळाचा आणखी एक काच आहे. रस्ता फार वेळ बंद ठेवता येत नाही, म्हणून पहिल्या संघाच्या ठरावीक मिनिटं मागे पडलेल्या संघाच्या पुढच्या धावपटूला मागच्याची वाट न पाहताच सोडून देतात. जाताना पहिल्या दोन अदलाबदलीच्या ठिकाणी ही मुदत दहा मिनिटांची, पुढच्या दोन ठिकाणी पंधरा, आणि येताना वीस. अशा वेळी पुढच्याच्या खांद्यावर बहुतेकदा विद्यापीठाचा पट्टा नसतो, आयोजकांनी दिलेला पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कामचलाऊ पट्टा असतो. जवळपास दरवर्षी कुणी ना कुणी धापा टाकत पोचतो आणि समोरचा साथीदार काही सेकंदांपूर्वीच निघून गेलेला असतो. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. टीव्हीवाल्यांना हे फार आवडतं, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकांनाही. निप्पॉन टेलिव्हिजन १९८७ पासून ही शर्यत थेट दाखवतं. ती पाहणाऱ्या घरांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जातं, त्यात या भेलकांडणाऱ्या पोरांचा वाटा किती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

ज्याच्या पुढाकाराने ही शर्यत सुरू झाली, तो माणूस स्वतः असाच वाटेत कोसळला होता. शिझो कानाकुरी १९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकला गेला तेव्हा जपान पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये उतरत होता. संघात खेळाडू दोनच. जहाज आणि सैबेरियातून जाणारी रेल्वे असा अडीच आठवड्यांहून लांबचा प्रवास. पोचल्यावर उत्तरेकडचा उन्हाळा, त्यामुळे रात्री अंधारच नाही आणि झोप नाही. सोबत आलेले प्रशिक्षक ओमोरी क्षयाने आजारी. त्यामुळे विद्यार्थ्याकडे त्यांचं लक्ष पुरत नव्हतं. १४ जुलैला मॅरेथॉनच्या दिवशी पारा ३२ अंशांच्या आसपास गेला. पळताना पाणी प्यायलं की माणूस लवकर थकतो, अशी त्या काळी ठाम समजूत होती. निम्मं अंतर ओलांडल्यावर कानाकुरी रस्त्याकडेच्या एका घराच्या बागेत पोचला. त्या कुटुंबाने त्याला प्यायला दिलं, झोपू दिलं. शरमेमुळे आयोजकांना न कळवताच तो परत गेला आणि स्वीडनच्या दफ्तरी तो बरीच वर्षं बेपत्ता धावपटू म्हणून राहिला. त्याच शर्यतीत कोसळलेला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो दुसऱ्या दिवशी मरण पावला, हे कानाकुरीच्या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही. कारण ती गोष्ट गोड आहे. १९६७ साली, पंचाहत्तरीत, त्याला स्टॉकहोमला बोलावून शर्यत पुरी करायला लावली. वेळ जाहीर झाली ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद.

पण मधल्या काळात त्याने जे केलं ते जास्त महत्त्वाचं. एकटा माणूस तयार करून भागत नाही, एकदम पुष्कळ धावपटू तयार व्हायला हवेत, तर ते संघ करूनच होतील, असं त्याच्या मनाने घेतलं. १९१७ मध्ये क्योतो ते तोक्यो अशी तीन दिवसांची पहिली एकिडेन झाली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात तो स्वतः धावला. पुढे अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या रिलेचं स्वप्न पडलं, आणि त्यासाठी डोंगराचा सराव हवा म्हणून हाकोनेचा घाट निवडला. फेब्रुवारी १९२० मध्ये चार संस्थांचे संघ उतरले. सकाळचे वर्ग बुडवायचे नाहीत म्हणून शर्यत दुपारी एकला सुटली आणि डोंगरातल्या टप्प्यातली मुलं अंधारात, गावकऱ्यांनी धरलेल्या मशालींच्या उजेडात वर चढली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अँटवर्प ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये कानाकुरी सोळावा आला. त्याच्यामागे दोन मिनिटांनी, एकोणिसावे, पोचले बेळगावचे फडेप्पा चौगुले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणाऱ्या मुलांची जिद्द दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यातून जो पहिला भारतीय संघ गेला, त्यात ते होते. आपल्याकडे त्या धाग्याचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. जपानमध्ये मात्र हाकोनेची शर्यत शंभरी ओलांडून गेली.

आता शरीराकडे येऊ. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पाय हलवण्याच्या कामी येतो आणि बाकीची उष्णता होते. साठ किलोचा धावपटू किलोमीटरला तीन मिनिटं या वेगाने पळतो, तेव्हा त्याच्या अंगात हजार वॅटहून जास्त उष्णता तयार होत असते. ती बाहेर टाकायचे दोन मुख्य मार्ग: कातडीकडे रक्त पाठवणं आणि घाम. दोन्हींना पाणी लागतं. जानेवारीत तोक्योच्या परिसरात हवा थंड, ऊन स्वच्छ आणि कोरडेपणा इतका, की घाम आल्याचं कळतच नाही, येतो तसा उडून जातो. तहान लागत नाही. धावपटू आधीच सडपातळ राहण्याच्या मागे असतो, आणि सकाळी लघवीची पंचाईत नको म्हणून मोजूनमापून पाणी प्यालेला असतो. म्हणून या शर्यतीत सर्वांत जास्त ऐकू येणारा आजार, कडाक्याच्या थंडीत, शरीरातलं पाणी कमी होण्याचा. समालोचक ज्याला सरसकट तेच नाव देतात त्यात रक्तातली साखर उतरण्यापासून आधीच्या आठवड्यातल्या तापापर्यंत बरंच काही मिसळलेलं असू शकतं. बाहेरून चित्र एकच दिसतं: आधी खांदे वर येतात, मग डोकं एका बाजूला कलतं, पाऊल आखूड होतं आणि माणूस रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेकडे जाऊ लागतो.

२००६ साली जुन्तेन्दो विद्यापीठ परतीच्या वाटेवर आघाडीवर होतं. आठव्या टप्प्यात पट्टा संघाच्या कर्णधाराकडे होता. निम्म्याहून जास्त अंतर नीट गेलं आणि मग वर सांगितलेलं चित्र पडद्यावर दिसू लागलं. तो थांबला नाही. त्याने पट्टा दिला तेव्हा संघ चौथा होता आणि शेवटपर्यंत चौथाच राहिला. त्या वर्षी आजिया विद्यापीठ पहिल्यांदा जिंकलं. जुन्तेन्दो २००७ मध्ये जिंकलं. पुढच्याच वर्षी, गतविजेते असताना, त्यांचा पाचव्या टप्प्यातला धावपटू सरोवराच्या काठावरच्या शेवटच्या रेषेपासून पाचेकशे मीटरवर कोसळला आणि संघ बाद झाला. २००८ च्या त्या शर्यतीत दुसऱ्या दिवशी दाइतो बुंका नवव्या टप्प्यात आणि तोकाई दहाव्यात बाद झालं. एका शर्यतीत तीन संघ.

पाचवा टप्पा म्हणजे चढाचा टप्पा. ओदावाराहून निघायचं आणि ८७४ मीटर उंचीवरचा माथा ओलांडून सरोवराकडे उतरायचं. खाली घामाने भिजलेली बंडी घेऊन वर पोचलं की वारा लागतो. स्नायू थकल्यामुळे उष्णता कमी तयार होते, कपडे ओले, अंगावर चरबी नाही, आणि माथ्यानंतर उतार लागल्यावर वारा आणखी झोंबतो. हजार वॅटने तापलेला माणूस तासाभरात गारठून जातो. २०१३ साली वाऱ्याचा जोर मोठा होता. त्या दिवशी जोसाई आणि चुओ या दोन्ही संघांचे पाचव्या टप्प्यातले धावपटू पुरे पोचले नाहीत. चुओ विद्यापीठ हे हाकोनेतलं सर्वाधिक, १४ वेळा जिंकलेलं घराणं. सलग २८ वर्षं पहिल्या दहात राहण्याची त्यांची परंपरा त्या वाऱ्यात तुटली. २००६ ते २०१६ या काळात पाचवा टप्पा वाढवून २३.४ किलोमीटर केला होता. २०१७ पासून तो पुन्हा २०.८ वर आणला, आणि गारठा व पाण्याची कमतरता यांचा धोका हे त्याचं एक उघड कारण होतं. पोरांना हिंमत शिकवण्यापेक्षा नकाशावरची रेघ आखूड करणं कितीतरी जास्त कामाचं ठरतं.

हे झाले वाटेत आजारी पडलेले. आजारी असतानाच उभे राहिलेले वेगळे. डिसेंबर हा जपानमध्ये फ्लूचा हंगाम, आणि विद्यापीठाचे धावपटू एकाच वसतिगृहात राहतात, एका पंगतीला जेवतात, एका न्हाणीघरात उतरतात. एकाला झालं की सगळ्यांना व्हायला वेळ लागत नाही. २०२४ ची शर्यत चुओ जिंकेल असं म्हणणारे बरेच होते, कारण आदल्या वर्षी ते दुसरे आले होते. वर्ष संपता संपता त्यांच्या सोळा जणांच्या यादीतले चौदा जण सर्दी-तापाने पडले. उरले दोन. दोघांनी दहा टप्पे पळता येत नाहीत, म्हणून जे थोडेफार सावरले होते ते उभे राहिले. संघ तेरावा आला. त्याच डिसेंबरात, महिन्याच्या सुरुवातीला, आओयामा गाकुइनच्या वसतिगृहातही फ्लू फिरून गेला होता. ते शर्यत जिंकले, तीही १० तास ४१ मिनिटं २५ सेकंद अशा तेव्हाच्या विक्रमी वेळेत. फ्लू दोन्हीकडे, फरक होता तीनेक आठवड्यांचा. कोणत्या तारखेला ताप आला यावर इतकं अवलंबून असतं, हे जिंकणाऱ्याच्या मुलाखतीत कळत नाही.

सर्दी-तापात पळावं का, यावर क्रीडावैद्यकातला एक सोपा ठोकताळा आहे. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक गळतंय, शिंका येतायत, घसा थोडा धरलाय, तर हलकं पळून पाहायला हरकत नाही. मानेच्या खाली असतील, म्हणजे छातीत कफ, अंग मोडून येणं, पोट बिघडणं किंवा कणकण, तर पळायचं नाही. ताप असेल तर प्रश्नच नाही. ठोकताळा सरावाच्या दिवसांसाठी बरा आहे. त्यात हलकं पळणं म्हटलंय. किलोमीटरला तीन मिनिटं हे कुणाच्याच शब्दकोशात हलकं नाही.

तापात नेमकं बिघडतं काय? ताप म्हणजे गीझरचा काटा वर सरकवल्यासारखं असतं: मेंदूतलं केंद्र शरीराचं तापमान मुद्दाम वरच्या आकड्यावर नेऊन ठेवतं. धावपटू सुरुवातच ३८ अंशांपासून करतो आणि चाळिशीपर्यंतची वाट त्याच्यासाठी आखूड होते. एक अंश ताप चढला की नाडी मिनिटाला दहाच्या आसपास वाढते, म्हणजे नेहमीच्या वेगालाही हृदय जास्त पळतं. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, दिशा चुकू लागला, की तो उष्माघात. तिथे आधी जागेवर थंड पाण्यात बुडवून गार करायचं आणि मग हलवायचं, असा डॉक्टरांचा क्रम आहे. अर्धा तास हातचा गेला तर इंद्रियं कायमची दुखावू शकतात.

यापेक्षा चोरपावलांनी येणारी भीती हृदयाची. फ्लूसारखे काही विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. त्या अवस्थेत जोर केला तर ठोक्याची लय बिघडून तरुण, धडधाकट दिसणारा माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. ही सूज निदानाला आली, तर खेळाडूला तीन ते सहा महिने स्पर्धेपासून लांब ठेवतात. आपल्याकडे पहाटेच्या शर्यतीच्या आदल्या रात्री एक तापाची गोळी घेऊन झोपणारे आणि सकाळी ताप नाही म्हणून रांगेत उभे राहणारे थोडे नाहीत. गोळीने आकडा खाली येतो, विषाणू जिथल्या तिथेच असतो. वेदनाशामक गोळ्या, त्यातही आयबुप्रोफेन, पाणी कमी असलेल्या शरीरात मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत हे तपासून झालं आहे. तरी धावणाऱ्याच्या खिशात ती गोळी असतेच.

जपानी धावपटूला आणखी एक पथ्य आहे. तिथे सर्दीची चाहूल लागली की घराघरांत काक्कोन्तो नावाचं पारंपरिक काढ्याचं चूर्ण घेतात, आपल्याकडे सुंठ-गवती चहाचा काढा घ्यावा इतक्या सहज. त्यात माओ नावाची वनस्पती असते आणि तिच्यात एफेड्रिन. एफेड्रिन स्पर्धेच्या काळात उत्तेजक म्हणून बंद आहे. आईने प्रेमाने पाठवलेली पुडी घेऊन पोरगा बाद होऊ शकतो, म्हणून घरगुती औषधंही आधी डॉक्टरला दाखवायची सवय त्यांना लावावी लागते.

आता मुख्य प्रश्न: थांबायचं हे ठरवायचं कुणी? धावपटूने, असं म्हणणं सोपं आहे. पण ज्याचा मेंदू तापलाय, साखर उतरलीय किंवा जो गारठलाय, त्याचा निर्णय घेणारा अवयवच आधी बिघडलेला असतो. शुद्धीत असला तर पट्टा त्याला बोलू देत नाही. हाकोनेत प्रत्येक धावपटूमागे एक गाडी असते, तिच्यात प्रशिक्षक बसलेला असतो. ठरावीक ठिकाणी त्याला भोंग्यावरून बोलायची मुभा आहे. ठरलेल्या जागी संघातला कुणीतरी शेजारून पळत पाण्याची बाटली देतो. बाकी हात लावायचा नाही. प्रशिक्षकाने हात लावला की संघ बाद. पुढची मुलं धावू शकतात, पण त्यांच्या वेळा नोंदीपुरत्या राहतात, संघाला क्रमांक मिळत नाही.

१९९६ मध्ये हा हात लोकांनी जवळून पाहिला. यामानाशी गाकुइन सलग दोन वर्षांचे विजेते. चौथ्या टप्प्यात त्यांचा धावपटू पायाच्या दुखण्याने लंगडू लागला, मग चालू लागला. हा काही नवखा नव्हता, आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेत जपानतर्फे मॅरेथॉन पळालेला. प्रशिक्षक गाडीतून उतरून त्याच्या शेजारून चालत राहिले, बोलत राहिले, आणि त्याला धरेपर्यंत बरीच वाट मागे पडली. त्याच टप्प्यात कानागावा विद्यापीठाचा धावपटूही पायाच्या हाडाच्या इजेने थांबला. त्या प्रशिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण हात लावणं म्हणजे उरलेल्या सहा मुलांच्या वर्षभराच्या सरावावर पाणी सोडणं, आणि हे काम येऊन पडतं त्याच माणसावर ज्याने त्या मुलांना तयार केलं. माझ्या मते चुकतं ते तिथेच. थांबवण्याचा अधिकार आधी अशा डॉक्टरकडे हवा, ज्याला कोणता संघ कितवा आहे हे माहीत नसलं तरी चालेल.

ऑक्टोबर २०१८ मध्ये फुकुओका प्रांतात झालेल्या कंपन्यांच्या महिला संघांच्या पात्रता एकिडेनमध्ये तर निर्णय झाला होता आणि तरी पोचला नाही. दुसऱ्या टप्प्यात एकोणीस वर्षांची एक धावपटू पडली. नडगीचं हाड मोडलं होतं. शेवटचे दोनशे-तीनशे मीटर तिने गुडघ्यांवर रांगत काटले, डांबराने गुडघे सोलून निघाले, आणि शेजारून एक अधिकारी वाकून चालत राहिला. प्रशिक्षक लांब एका खोलीत पडद्यावर पाहत होते. त्यांनी तिला थांबवा असं कळवलं, पण निरोप रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत अदलाबदलीची रेषा जवळ आली होती. तिने पट्टा दिला. संघ मुख्य स्पर्धेला पात्र ठरलाच नाही. त्याच दिवशी तिसऱ्या टप्प्यात, आघाडीवर असलेल्या दुसऱ्या एका संघाची धावपटू भेलकांडत थांबली आणि तो संघ बाद झाला. रांगणाऱ्या मुलीवर आठवडाभर वाद झाला. कुणी डोळे पुसले, कुणी चिडून विचारलं की एवढ्या मोठ्या स्पर्धेत एका निरोपाला इतका वेळ का लागावा. दुसरा प्रश्न पहिल्या अश्रूंपेक्षा उपयोगाचा होता.

खरं तर आजारी माणसाला थांबवायची सर्वांत स्वस्त वेळ रस्त्यावर येतच नाही, ती आधी येऊन गेलेली असते. हाकोनेचे सोळा जण १० डिसेंबरला जाहीर होतात, आणि २९ डिसेंबरला दहा टप्प्यांवर दहा नावं लिहिली जातात. उरलेले सहा राखीव. शर्यतीच्या दिवशी सकाळी, सुटायच्या तासभर आधीपर्यंत, लिहिलेलं नाव खोडून राखीव नाव टाकता येतं. एका दिवशी जास्तीत जास्त चार, दोन्ही दिवस मिळून सहा. एका टप्प्यावर लिहिलेला गडी दुसऱ्या टप्प्यावर हलवता येत नाही. ही सोय आजाऱ्यांसाठी केलेली, पण प्रशिक्षकांनी तिचा डाव करून टाकला: खरा हुकमी धावपटू राखीव ठेवायचा, टप्प्यावर दुसऱ्याचं नाव टाकायचं आणि सकाळी बदलायचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे २९ तारखेच्या यादीत एखादं मोठं नाव दिसलं नाही की सगळे जपानी क्रीडापत्रकार एकाच कोड्यात पडतात: हा तापात आहे की डावात? आणि ज्या संघात खरोखर साथ आलेली आहे, त्याला त्या गोंधळाचं आयतं झाकण मिळतं. बदलायच्या सहा जागा डावात खर्च झाल्या, तर सकाळी घसा धरलेल्या सातव्याला बदलायला काही उरत नाही.

चुओ विद्यापीठ २०२४ च्या त्या सर्दीनंतर पहिल्या दहातून बाहेर गेलं, ताचिकावाची पात्रता शर्यत पळून परत आलं आणि २०२५ मध्ये पाचवं आलं. १९९६ मध्ये चौथ्या टप्प्यात थांबलेल्या दोन संघांचं तर नवल वाटावं असं झालं. कानागावाला पात्रता शर्यतीतून यावं लागलं. जानेवारी १९९७ मध्ये ते हाकोने पहिल्यांदा जिंकले, यामानाशी गाकुइन दुसरं आलं. १९९८ मध्ये कानागावा पुन्हा जिंकलं.